घरच्या घरी मासा भाजताना

कोकणातील जुन्या घरांत मासा भाजण्यासाठी वेगळी सोय करावी लागत नसे. स्वयंपाक आटोपला, की चुलीतील निखारे पुढे ओढले जात आणि त्यांवर सुका बांगडा किंवा बोंबील शेकला जाई. पावसाळ्यात ताजी मासळी दुर्मीळ झाली, की पेजेबरोबर हाच भाजलेला सुका मासा तोंडी लावणे म्हणून पानात पडे. शहरातील सदनिकेत चूल नाही आणि विस्तवही नाही. त्यामुळे बाजारातून आणलेला मासा एक तर कालवणात जातो, नाही तर रव्यात घोळवून तव्यावर तळला जातो. गेल्या काही वर्षांत मात्र काटे काढलेले फिलेट दुकानांत आणि घरपोचही मिळू लागले आहेत. ओव्हन पुष्कळ घरांत आले आहेत आणि तळणाचे तेल कमी करण्याचा सल्ला घराघरांत पोहोचला आहे. या तिन्ही गोष्टींमुळे भाजलेला मासा शहरी स्वयंपाकघरात नव्याने परतू लागला आहे.

तथापि, हा पदार्थ दिसतो तितका सोपा नाही. मासा जाळीला चिकटतो, उलटताना मोडतो, बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो. किंवा सर्व बाजूंनी नीट दिसूनही घशाखाली उतरू नये इतका कोरडा होतो. सुरमई-रावसाचे आजचे भाव पाहता असा एक प्रयोग फसणेही परवडणारे नसते. शिवाय बंद घरात कोळशाची शेगडी पेटवण्यासारखी चूक जिवावर बेतू शकते. म्हणून भाजण्याच्या कृतीमागील कारणे समजून घेणे उपयुक्त ठरते. ती एकदा कळली, की साधन कोणतेही असो, मासा बिघडण्याची शक्यता बरीच कमी होते.

माशाचे मांस वेगळे का?

बकरीला किंवा कोंबडीला स्वतःचे वजन पायांवर पेलावे लागते. माशाचे वजन पाणी पेलते. त्यामुळे माशाच्या अंगात स्नायूंना बांधून ठेवणारे चिवट ऊतक फारच थोडे असते. त्याचे स्नायू आखूड धाग्यांचे असून ते पातळ पापुद्र्यांच्या साहाय्याने एकावर एक रचलेले असतात. शिजलेल्या माशाच्या पाकळ्या सुटतात त्या याच रचनेमुळे. मटणातील चिवट ऊतक मऊ होण्यास दीर्घकाळ शिजवावे लागते. माशातील पापुद्रे मात्र साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यानच विरघळू लागतात. याच सुमारास पारदर्शक मांस पांढरे व अपारदर्शक होते. ६० अंशांच्या पुढे प्रथिनांचे धागे अधिकाधिक आकसत जातात आणि आतील पाणी बाहेर ढकलतात. मासा कोरडा होतो तो येथे.

याचा व्यवहारातील अर्थ असा, की कच्चा मासा आणि जास्त शिजलेला मासा यांच्यामधील अंतर अवघ्या मिनिट-दोन मिनिटांचे असते. दुसरीकडे, भाजल्याचा खमंग तपकिरी रंग आणि वास येण्यासाठी पृष्ठभागाचे तापमान साधारण १४० अंशांच्या वर जावे लागते. पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत ते १०० अंशांच्या पुढे जात नाही. म्हणजे बाहेर तीव्र उष्णता हवी आणि आत ती बेतानेच पोहोचली पाहिजे. मासा भाजण्याचे सारे कौशल्य या दोन परस्परविरोधी गरजा एकाच वेळी भागवण्यात आहे.

कोणता मासा, कोणता काप?

आपल्याकडे मोठा मासा आडवा कापून त्याच्या गोल तुकड्या करण्याची पद्धत आहे. तुकडीच्या मध्यभागी मणका राहतो, तो मांसाला धरून ठेवतो. फिलेट म्हणजे मणक्याला समांतर सुरी चालवून काढलेली लांब, बिनमणक्याची फाक. आधार देणारे हाड नसल्याने ती लवकर शिजते आणि लवकर मोडते. म्हणून भाजण्यासाठी फिलेट घेताना त्वचा काढून टाकू नये. मणका गेल्यावर मांसाला एकत्र ठेवणारी ती एकमेव गोष्ट असते, आणि नीट भाजली तर ती कुरकुरीत व रुचकरही लागते.

सुरमई, रावस, घोळ, तांबोशी आणि जिताडा यांचे मांस घट्ट असल्याने ते फिलेटला उत्तम. रावसाला इंग्रजीत ‘इंडियन सॅमन’ म्हटले जाते. प्रत्यक्षात सॅमनशी त्याचे कोणतेही नाते नाही आणि त्याच्या अंगात सॅमनइतकी चरबीही नसते. म्हणूनच परदेशी पाककृतींत सॅमनसाठी दिलेली वेळ रावसाला जशीच्या तशी लावू नये. तो अगोदर कोरडा पडतो. बांगड्याचे फिलेट लहान असले, तरी त्यातील तेलामुळे ते सहसा सुकत नाही आणि नवशिक्याच्या चुका सांभाळून घेते. बासा हा मुळात व्हिएतनामकडून आलेला, तळ्यांत वाढवला जाणारा मासा. तो स्वस्त व बिनकाट्याचा असला, तरी त्याचे मांस मऊ आणि पाणीदार असते. उघड्या जाळीवर तो हमखास तुटतो. त्याला तवा किंवा ओव्हनच योग्य. पापलेट आकाराने लहान व चपटे असल्याने त्याचे फिलेट काढण्यात नासाडी अधिक. ते अख्खेच भाजावे. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा घोषित केले ते त्याची घटती संख्या लक्षात घेऊनच. तळहातापेक्षा लहान पापलेट घेण्याचा मोह टाळणे हे ग्राहकाच्याही हाती आहे.

कोळिणीकडून फिलेट कापून घेताना शक्य तो पाठीकडचा जाड भाग मागावा. सुमारे अडीच सेंटीमीटर जाडी आदर्श समजावी. पोटाकडचा व शेपटीकडचा भाग पातळ असल्याने तो जाड भागाआधी शिजून सुकतो. तो वेगळा कापून नंतर भाजावा, किंवा शेपटीचे पातळ टोक खाली दुमडून जाडी सारखी करावी. फिलेटच्या मधल्या रेषेवरून बोट फिरवल्यास बारीक काटे हाताला लागतात. ते स्वच्छ चिमट्याने, काटा ज्या दिशेला झुकलेला असेल त्याच दिशेने ओढून काढावेत. घरात लहान मुले किंवा वृद्ध असतील, तर हे काम टाळू नये.

भाजण्यापूर्वीची तयारी

मासा बिघडतो तो बहुधा विस्तवावर जाण्यापूर्वीच. गोठवलेले फिलेट आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सावकाश वितळू द्यावे. घाई असेल तर पिशवीत घट्ट बंद करून थंड पाण्यात ठेवावे. गरम पाण्यात मात्र कधीही नाही. अर्धवट गोठलेला मासा विस्तवावर ठेवल्यास बाहेरचा भाग सुकेपर्यंत आतला बर्फच वितळत असतो.

त्यानंतरची पायरी मिठाच्या पाण्याची. एक लिटर थंड पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात फिलेट १० ते १५ मिनिटे बुडवून ठेवावे. यामुळे मीठ आतपर्यंत सारखे मुरू लागते, मांस किंचित घट्ट होते आणि भाजताना पृष्ठभागावर जमणारा पांढरा साका कमी होतो. हा साका म्हणजे मांसातून बाहेर पडून गोठलेली प्रथिने. तो अपायकारक नसला, तरी डोळ्यांना बरा दिसत नाही. मिठाच्या पाण्यातून काढलेल्या माशाला नंतर लावायच्या मसाल्यात मीठ घालू नये किंवा अगदी थोडे घालावे.

सर्वांत महत्त्वाची पायरी कोरडे करण्याची. स्वच्छ फडक्याने किंवा किचन पेपरने फिलेट दोन्ही बाजूंनी टिपून घ्यावे आणि वेळ असल्यास त्वचेची बाजू वर करून अर्धा तास फ्रीजमध्ये उघडे ठेवावे. ओला मासा भाजला जात नाही, तर स्वतःच्याच वाफेत उकडला जातो. चिकटण्याचे कारणही येथेच दडलेले आहे. कच्च्या माशातील प्रथिने धातूच्या पृष्ठभागाला धरून बसतात. पृष्ठभाग कोरडा असेल, धातू पुरेसा तापलेला असेल आणि मध्ये तेलाचा पातळ थर असेल, तर प्रथिने लगेच गोठतात, वर कवच तयार होते आणि मासा आपोआप सुटतो. तेल जाळीऐवजी माशाला लावणे अधिक सोयीचे. जाळीवरचे तेल जळून धूर होतो. शेंगदाण्याचे किंवा रिफाइंड तेल यासाठी चांगले. घाण्याचे खोबरेल तेल लवकर धुरावते, त्यामुळे त्याची चव हवी असल्यास ते भाजून झाल्यावर वरून थेंबभर घालावे.

मसाला किती, केव्हा?

तळलेल्या माशाचा जाड मसाला भाजलेल्या माशाला चालत नाही. कोरडे तिखट, वाटलेला लसूण आणि साखर किंवा मध हे घटक तीव्र आचेवर माशाआधी जळतात व कडवट होतात. हळद, तिखट, आल्या-लसणाचा रस आणि तेल यांचे सैल मिश्रण करून त्याचा पातळ हात फिरवावा. लसणाचा चोथा लावू नये. रव्याचे आवरण तळणासाठी असते. भाजताना त्याला पुरेसे तेल मिळत नसल्याने ते कोरडे व कचकचीत राहते.

आंबटाच्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी. लिंबाचा रस किंवा कोकमाचे आगळ माशातील प्रथिनांवर उष्णतेसारखाच परिणाम करते. मांस पांढुरके होते आणि फार वेळ ठेवल्यास भुसभुशीत होऊन जाळीवर तुटते. १० ते १५ मिनिटे पुरेशी. रात्रभर मुरवण्याची पद्धत मटणाची आहे, माशाची नव्हे. तंदुरी चव हवी असल्यास दह्यातील पाणी पूर्ण निथळून चक्का घ्यावा, त्यात भाजलेले थोडे बेसन व मोहरीचे तेल मिसळावे आणि अर्ध्या तासाच्या आत मासा विस्तवावर घालावा. हिरवी चटणी, ओले खोबरे किंवा कोथिंबिरीचे वाटण भाजून झाल्यावर वर पसरले, तर त्याचा ताजेपणा टिकतो.

तव्यावर

सदनिकेतील सर्वांत खात्रीची पद्धत म्हणजे बिडाचा जाड तवा किंवा उंचवटे असलेला ग्रिल पॅन. मध्यम आचेवर तो पाच मिनिटे तापवावा. पाण्याचा थेंब टाकताच तो नाचत उडून गेला पाहिजे. तेल लावलेले फिलेट त्वचेची बाजू खाली करून ठेवावे आणि उलथन्याने १० ते १५ सेकंद हलकेच दाबावे. उष्णतेने त्वचा आकसते व फिलेट कमानीसारखे वर उचलले जाते; दाबल्यामुळे ते सपाट राहते. त्यानंतर त्याला हात लावू नये. एकूण वेळेपैकी सुमारे दोन तृतीयांश वेळ याच बाजूवर द्यावा. बाजूने पाहिल्यास पांढरा रंग खालून वर चढताना दिसतो. तो अर्ध्याहून वर पोहोचला आणि कडा सहज सुटली, की फिलेट एकदाच उलटावे. उलथने लावताच ते चिकटलेले जाणवले, तर ओढाताण न करता अर्धे मिनिट थांबावे.

नॉनस्टिक तवा वापरायचा असल्यास तो रिकामा व तीव्र आचेवर तापवू नये. त्यावरील लेप सुमारे २६० अंशांच्या पुढे विघटित होऊ लागतो आणि त्यातून अपायकारक वायू बाहेर पडतात. अशा तव्यावर मध्यम आचच ठेवावी आणि रंग थोडा कमी आला तरी समाधान मानावे.

ओव्हनमध्ये

ओटीजीमध्ये वरची व खालची अशा दोन तापकांड्या असतात. भाजण्यासाठी केवळ वरची कांडी चालू करावी आणि ओव्हन १० मिनिटे तापू द्यावा. ताटलीवर ॲल्युमिनियमची फॉइल, त्यावर जाळी आणि जाळीवर फिलेट अशी मांडणी केल्यास गळणारे पाणी खाली जाते. फिलेट कांडीपासून सुमारे १० सेंटीमीटर अंतरावर असावे. जवळ ठेवल्यास मसाला जळतो, लांब ठेवल्यास रंग येण्याआधी मासा सुकतो. येथे उष्णता वरून येत असल्याने त्वचेची बाजू खाली ठेवावी आणि मासा उलटू नये. मोडण्याची भीती नसल्यामुळे बासासारख्या मऊ माशाला ही पद्धत विशेष मानवते. मायक्रोवेव्हमधील ‘ग्रिल’ची शक्ती बहुधा कमी असते, त्यात वेळ अधिक लागतो आणि रंग फिका येतो. मायक्रोवेव्ह लहरी व ग्रिल एकत्र चालवताना धातूची जाळी वापरता येते की नाही, हे उपकरणाच्या पुस्तिकेत पाहूनच ठरवावे.

कोळशावर

कोळशाची चव इतर कशालाही येत नाही, हे खरे. चरबीचे व मसाल्याचे थेंब निखाऱ्यावर पडून जो धूर उठतो, तो ती चव देतो. मात्र ज्वाळा असताना मासा घालू नये. कोळशावर राखेचा पांढरा थर आल्यावर ते शेगडीच्या एका बाजूला जास्त व दुसऱ्या बाजूला कमी असे पसरावेत. फिलेट प्रथम जास्त आचेवर ठेवून त्याला रंग आणावा व नंतर कमी आचेकडे सरकवून आतपर्यंत शिजू द्यावे. दोन पदरी मुठीची जाळी वापरल्यास मासा आत बंद राहतो आणि जाळीच उलटता येते. मऊ मासा असेल तर केळीच्या पानाचा तुकडा विस्तवावर शेकून लवचीक करावा आणि त्यात फिलेट गुंडाळावे; पान करपते, मासा वाचतो आणि त्याला सुगंधही लागतो.

चेतावणी मात्र ठामपणे द्यावी लागेल. कोळशाची शेगडी घरात पेटवू नये. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर पूर्ण थांबला तरी निखाऱ्यांतून तो निघतच राहतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळ ही त्याची पहिली लक्षणे असून ती अजीर्णाची समजून दुर्लक्षिली जातात. हिवाळ्यात शेगडी खोलीत ठेवून झोपलेल्या कुटुंबांच्या मृत्यूच्या बातम्या येतात त्या याच वायूमुळे. सरकत्या काचा लावून बंद केलेली बाल्कनी ही या दृष्टीने खोलीच होय, आणि एक खिडकी उघडी ठेवणे हा पुरेसा उपाय नव्हे. अंगण किंवा परवानगी असल्यास मोकळी गच्ची हीच कोळशाची जागा. काम झाल्यावर निखाऱ्यांवर पाणी ओतून ते पूर्ण विझवावेत. अर्धवट विझलेली शेगडी घरात आणू नये.

शिजला हे कसे ओळखावे?

कॅनडाच्या मत्स्य विभागाने प्रसृत केलेला एक ढोबळ नियम जगभर वापरला जातो : फिलेटच्या सर्वांत जाड भागाच्या प्रत्येक इंचास एकूण १० मिनिटे. आपल्या तीव्र आचेच्या शेगड्यांवर सात-आठ मिनिटांपासूनच लक्ष ठेवणे शहाणपणाचे. हा नियम मध्यम जाडीला लागू पडतो. फार पातळ फिलेट त्याआधीच होते, तर जाडी दुप्पट झाल्यास वेळ दुपटीहून अधिक लागू शकतो.

घड्याळापेक्षा मासा अधिक नेमके सांगतो. सुरीचे टोक सर्वांत जाड भागात घालून किंचित वळवावे. पाकळ्या सहज सुटल्या आणि आतील मांस अपारदर्शक दिसले, तर मासा झाला. पाकळ्या न सुटता मांस रबरासारखे ओढले जात असेल, तर आणखी मिनिटभर द्यावे. घरात अन्नाचा तापमापक असल्यास अंदाजाची गरजच उरत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने माशासाठी ६३ अंश सेल्सिअस हे सुरक्षित अंतर्गत तापमान सांगितले आहे. विस्तवावरून काढल्यावरही आतील तापमान दोन-तीन अंशांनी चढते. म्हणून साठ अंश ओलांडताच फिलेट उतरवावे, दोन मिनिटे ताटलीत विसावू द्यावे आणि वाढण्यापूर्वी आकडा पुन्हा पाहावा. लहान मुले, गर्भवती आणि आजारी माणसे यांच्या पानात पडणारा मासा पूर्ण शिजलेलाच असावा.

‘नीट भाजला की सारे निर्धोक’ ही समजूत मात्र बरोबर नाही. बांगडा, कुपा, सुरमई यांसारखे मासे बर्फाविना उन्हात राहिले, तर जिवाणूंच्या क्रियेने त्यांत हिस्टामिन साठते. ते उष्णतेने नष्ट होत नाही. असा मासा खाल्ल्यावर तोंड लालसर होणे, अंगावर पित्त उठणे, डोके दुखणे असा त्रास होतो. म्हणून बाजारातून घरी येईपर्यंत मासा बर्फात असावा आणि मसाला लावून मुरवायचा तो ओट्यावर न ठेवता फ्रीजमध्ये ठेवावा. कच्च्या माशाचे ताट धुतल्याशिवाय भाजलेल्या माशासाठी वापरू नये, आणि उरलेले मुरवण्याचे पाणी वरून ओतू नये.

करपलेल्या भागाबाबतही विवेक हवा. मांस वा मासा अतितीव्र आचेवर काळा होईपर्यंत भाजल्यास त्यात अशी काही रसायने तयार होतात, ज्यांमुळे प्रयोगशाळेतील प्राण्यांत कर्करोग झाल्याचे आढळले आहे. माणसाच्या बाबतीत निष्कर्ष तितके स्पष्ट नाहीत. तरीही तपकिरी रंग म्हणजे चव आणि काळा रंग म्हणजे केवळ कोळसा, हे ध्यानात ठेवून काळा भाग काढून टाकणे उत्तम.

भाजलेला मासा वाट पाहत नाही. तो पुन्हा गरम केला, की उरलेले पाणीही निघून जाते. म्हणून भात वाफाळता, सोलकढी ताजी आणि माणसे पानावर बसलेली असतील, तेव्हाच फिलेट तव्यावर घालावे. पहिल्यांदा करणाऱ्याने बांगड्याने आरंभ करावा, मग तव्यावरचा रावस आणि हात बसल्यावर जाळीवरची सुरमई हा क्रम ठेवावा. कोरडा मासा, तापलेला तवा आणि एकदाच उलटणे या तीन गोष्टी पाळल्या, तर पहिलाच बांगडाही सहसा दगा देणार नाही.